हरणांचे तीस गुंठे

गुजराती भाषेत ‘चण’ नावाचा एक लहानसा शब्द आहे. पाखरांसाठी टाकलेले दाणे म्हणजे चण. सिल्वासात नोकरीसाठी आलो त्या पहिल्या वर्षी बाजारात ज्वारीचे एक पोते पाहून मी भाव विचारला, तेव्हा दुकानदार म्हणाला, ‘ए चणनी जुवार छे साहेब, खावानी नथी.’ ज्वारी खायची नाही, तर मग कशाची? नगर जिल्ह्यातल्या ज्वारी खाणाऱ्या माणसाला हे कोडेच होते. पुढे कळले की इथे गावोगाव चबुतरे असतात, त्यांवर रोज सकाळी दाणे पडतात, आणि त्या दाण्यांना भाषेने एक वेगळे नाव देऊन ठेवले आहे. तीच ज्वारी, पण माणसाच्या पोत्यातून निघून पाखरांच्या वाट्याला गेली की तिची जात बदलते.

मराठीत असा शब्द मला सापडला नाही. आपण दाणे टाकतो, घास ठेवतो, पितृपक्षात कावळ्याची वाट पाहतो, लेकराला भरवताना एक घास चिऊला देतो (तोही अखेर लेकराच्याच पोटात जातो, ही गोष्ट वेगळी). पण पाखरू शेतातून हाकलायचे म्हटले की आपली भाषा श्रीमंत होते. गोफण आहे, माळा आहे, बुजगावणे आहे, राखण आहे, हाकाटी आहे. गुजरातीतही गोफण आहे आणि बुजगावण्याला ‘चाडियो’ हा झकास शब्द आहे, कारण शेतकरी कुठलाही असो, पीक त्याला राखावेच लागते. तरी चणाला प्रतिशब्द आपल्याकडे नाही हे मनाला लागून राहिले.

एक शब्द मात्र आहे, आणि तो आमच्या शाळेतल्या मराठी माध्यमाच्या मुलांनाही आता समजावून सांगावा लागतो. तो म्हणजे ‘सरवा’. पीक काढून झाल्यावर रानात जी कणसे, ओंब्या, शेंगा चुकून राहतात तो सरवा. तो वेचण्याचा हक्क गोरगरिबांचा. त्यांनी वेचून उरेल तो पाखरांचा, हरणांचा, उंदरामुंगीचा. कुणी दान म्हणून टाकलेला नसे, म्हणून त्याला पुण्याचा वासही नव्हता. विळ्याने काढणी होई तोवर सरवा आपोआप राही. आता गव्हात यंत्र फिरते, लगेच नांगर फिरतो; ज्वारीच्या जागी ऊस आला, उसाचा सरवा पाखराच्या काय कामाचा? जुन्या शेतीत रानातल्या जीवांसाठी कुणी मुद्दाम काही पेरत नसे, कारण तशी गरज नव्हती. आता कुणी पेरू लागला की तो गावात वेडा ठरतो.

आमचे दादा असे वेडे ठरले आहेत. दादा म्हणजे माझे थोरले बंधू, माझ्याहून तेरा वर्षांनी मोठे. कर्जत तालुक्यात, रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यापासून दोन-तीन कोसांवर आमची आठ एकर वडिलोपार्जित जमीन आहे. त्यातले ओढ्याकाठचे, वनखात्याच्या हद्दीला लागून असलेले तीस गुंठे दादा दरवर्षी गव्हाने पेरतात आणि कापत नाहीत. गावात त्या तुकड्याला ‘हरणांचे तीस गुंठे’ असेच म्हणतात. म्हणताना हसतात.

इथल्या वाचकांना त्या मुलखाची कल्पना यावी म्हणून थोडे सांगतो. दादरा-नगर हवेलीत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. दमणगंगा फुगते, मधुबन धरण भरते, भिंतींना शेवाळ धरते. कर्जतला वर्षाचा पाऊस त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. तोही लहरी, बराचसा परतीचा. काळ्या जमिनीने सप्टेंबर-ऑक्टोबरात जी ओल पोटात साठवली त्यावरच रब्बी काढायची. ज्वारी हस्तात पेरायची, गहू स्वातीत. दादा पेरतात तो जुन्या बन्सी वाणाचा गहू. कोरडवाहूत तग धरणारा, लांब कुसळांचा, कमी देणारा. निफाडच्या गहू संशोधन केंद्राने जिरायतीसाठी ‘पंचवटी’सारखे सुधारित बन्सी वाण काढले आहेत, तेही त्यांनी एक-दोन वर्षे पेरून पाहिले. तीस गुंठ्यांना पंचवीस-तीस किलो बी लागते. विहिरीत पाणी असलेच तर चाळीस दिवसांच्या सुमारास एकच पाणी, नाहीतर तेही नाही.

हे सुरू कसे झाले तर दुष्काळामुळे. १९७२ च्या दुष्काळात मी चार वर्षांचा होतो, माझी आठवण बहुतेक ऐकीवच. आई खडी फोडायला जायची आणि घरी अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी असायच्या, एवढे दादा सांगतात. पण २०१२-१३ चा दुष्काळ मी डोळ्यांनी पाहिला. नगर जिल्ह्यात जनावरांच्या छावण्या पडल्या होत्या. आमच्या दोन गायी आणि बैलजोडी छावणीत, वहिनी तिथेच मुक्कामाला, घरी दादा एकटे. ओढ्याकाठच्या तुकड्यात त्यांनी विहिरीच्या भरवशावर गहू पेरला होता आणि विहिरीने डिसेंबरातच तळ दाखवला. गहू टीचभर वाढून खुंटला. ओंबी धरण्याची आशा नव्हती, कापून नेण्याइतका चाराही नव्हता. मग हरणे आली. एरवी दिवस उजाडायच्या आत येऊन जाणारी, ती भर दुपारी आली, आणि दादा बांधावर बसलेले असताना खात राहिली. दादा मला फोनवर म्हणाले होते, ‘गुरांस्नी छावणी हाय. ह्यांस्नी कुणी काढायची?’

त्या एका वाक्यावर पुढच्या वर्षांची पेरणी चालली आहे. दादा सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी याला कधी भूतदया म्हटले नाही, आणि मी म्हटले तर त्यांना ते ओशाळवाणे वाटते.

मी मात्र मास्तर; मला पुस्तकात डोके घातल्याशिवाय चैन पडत नाही. वाचता वाचता कळले की दादा करतात ते जगात एकटेच करत नाहीत. अमेरिकेत, विशेषतः टेक्सासच्या कोरड्या भागात, शरद ऋतूत मुद्दाम हरणांसाठी गहू पेरतात. तिकडचा गहू हिवाळी. थंडीत गवत वाळून कोळ झालेले असते तेव्हा त्याची हिरवी पात रानात एवढे एकच ताजे खाणे असते. तिकडचे लोक यासाठी शक्यतो बिनकुसळाचा वाण शोधतात. वाचताना मला दादांचीच भाषा ऐकू येत होती. दादा म्हणतात, गहू कांडी धरायच्या आत खुडला गेला तर पुन्हा फुटतो. कांडी धरल्यावर शेंडा गेला की ओंबी गेली. तिकडे टेक्सास-ओक्लाहोमा-कॅन्ससचे शेतकरी एकाच गव्हावर हिवाळाभर गुरे चारतात आणि देठ आतून पोकळ व्हायला लागला की गुरे बाहेर काढून पुढे धान्यही घेतात. कारण एकच: कोवळ्या गव्हाचा वाढीचा कोंब जमिनीलगत दडलेला असतो, वरची पात खाल्ली तरी तो वाचतो, कांडी वाढू लागली की तो वर चढतो आणि तोंडाच्या टप्प्यात येतो. फरक इतकाच की गुरे बाहेर काढता येतात, काळविटांना जानेवारीच्या अमुक तारखेनंतर येऊ नका म्हणून सांगता येत नाही.

ज्वारी का नाही, असे मी एकदा विचारले. कोवळी, पाण्यावाचून खुरटलेली ज्वारी जनावराला बाधते, गाय आडवी होते, हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक असते. तिच्यात विषारी द्रव्य तयार होते. ज्या वर्षी हरणांना गरज जास्त त्याच वर्षी ज्वारी धोक्याची. गव्हात ती भीती नाही. शिवाय काळवीट हा मुळात गवत खाणारा प्राणी, आणि गहू म्हणजे अखेर एक गवतच. पवन्या, मारवेल ही रानातली गवते पौषापासून वाळतात, त्यांतला कस जातो. नेमक्या त्या दिवसांत गव्हाची पात हिरवी असते. पुढे वाचलेल्या ताटांना ओंब्या येतात, त्या कुसळांमुळे हरणे फारशी तोंडात धरत नाहीत. मग पोपट, चिमण्या, पारवे. फाल्गुनात तो तुकडा म्हणजे नुसता कलकलाट असतो.

टेक्सासच्या बाबतीत एक गोष्ट सांगायची राहिली. तिथे हा गहू पेरतात तो मुख्यतः शिकारीसाठी. शेताच्या कडेला उंच मचाण बांधतात आणि हरीण गव्हावर आले की गोळी घालतात. आपल्याकडेही मचाण आहेच, पण शेतात ते पीक राखायला आणि जंगलात वाघ मारायला. पेरून, पोसून, मग मारणे हे आपल्या राजेरजवाड्यांनाही सुचले नव्हते. बडोद्याला आणि कोल्हापूरला पाळीव चित्ते काळविटांवर सोडायचे, एवढीच त्यांची मजल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटांच्या शिकारीवर बंदी आली. तरी तिकडच्या लोकांना मी सरसकट नावे ठेवणार नाही. हरणाच्या पोटाची, मातीच्या ओलीची, पेरणीच्या आठवड्याची जी बारीक काळजी ते घेतात ती आपल्याकडच्या किती प्राणिप्रेमींना घेता येईल? राजस्थानात फलोदीजवळच्या खिचनला गावकरी हिवाळ्यात कुरजा पक्ष्यांना मणामणाने दाणा घालतात. हजारो पक्षी उतरतात, आणि २०२५ साली त्या गावाच्या पाणथळीला रामसर यादीत स्थान मिळाले. तिथे गोळी नाही. पण तिथेही दाणा माणूस टाकतो आणि पाखरू माणसाच्या वेळेवर येते. पेरणे त्याहून वेगळे आहे. पेरलेले हरणाला आवडेल तेव्हा, आवडेल तेवढे खाता येते, आणि नको असेल तर पाठ फिरवताही येते.

आमच्या खानवेल रस्त्यावर सातमालिया मृगोद्यान आहे, वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. चितळ, सांबर, काळवीट मोकळे फिरतात, पण कुंपणाच्या आत. शाळेच्या सहली तिथे न्याव्याच लागतात. एकदा मी मुलांना सांगितले की माझ्या गावी अशी हरणे शेतात येतात. पाचवीतल्या एका मुलीने विचारले, ‘सर, मग त्यांना कुंपण कुणाला असतं? शेताला की हरणाला?’ मी हसण्यावारी नेले. आता माझ्या घरात तोच प्रश्न सातबाऱ्यावर येऊन बसला आहे.

आमच्या शाळेतला शिपाई वारली आहे, मांदोनीकडचा. त्याच्या घरी डोंगरउतारावर नागली होते. धान्य ही त्यांची देवी, कणसरी. तिची पूजा झाल्याशिवाय नवे धान्य तोंडात घालत नाहीत. नागलीची राखणही ते करतात, रात्र रात्र जागतात, त्यात भाबडेपणा नाही. पण आपण ज्या दिवशी वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा करतो त्याच दिवशी ते वाघबारस पाळतात. वाघ या डोंगरातून कधीच गेला, बिबट्या उरला आहे. वाघदेवाचा लाकडी खांब अजून उभा आहे. त्याला मी दादांच्या गव्हाचे सांगितले तर त्याला नवल वाटले नाही. त्याने एवढेच विचारले, ‘शेजारी काय बोलतो?’

एवढी पुस्तके वाचून जो प्रश्न मला सुचला नव्हता तो त्याला पहिल्या दमात सुचला.

कारण शेजारी बोलतो, आणि त्याचे बोलणे खरे आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा पुतण्याने मला विहिरीवर नेऊन बसवले. आता तिशी ओलांडली आहे, कृषी पदविका केलेली, दोन मुलींचा बाप. शेती तोच करतो. कुकडीचे पाणी तालुक्यात आल्यापासून लोकांनी उसाकडे, लिंबाकडे, डाळिंबाकडे मोहरा वळवला आहे. त्याला तीन एकर डाळिंब लावायचे आहे, ठिबक करायचे आहे आणि सगळ्या आठ एकरांना सौरऊर्जेवरचे झटका कुंपण घालायचे आहे. त्यासाठी कर्ज, कर्जासाठी सातबाऱ्यावरच्या सगळ्यांची संमती, आणि सातबाऱ्यावर दादांबरोबर माझे नाव.

‘तात्या,’ तो म्हणाला, ‘आण्णांचा गहू मला मोजायचा नाही. तीस गुंठ्यांत मी काय बंगला बांधणार होतो? पण ही हरणं पोट भरलं की थांबत नाहीत. तिथून निघतात ती शेजारच्या हरभऱ्यात. रात्री रानडुकरं येतात, त्यांना तर कुणी आवतन दिलेलं नाही. सारा गाव म्हणतो, यांनीच पाळलीत. गहू आण्णांचा आणि बोलणी आमची.’

मी विचारले, नुकसानभरपाई मिळते ना? हरणाने, डुकराने केलेल्या नुकसानीला सरकारी भरपाई आहे खरी. पण अर्ज, पंचनामा, फेऱ्या, आणि हाती येणारी रक्कम यांचा त्याने जो हिशेब सांगितला तो ऐकून मी गप्प बसलो. कुंपणाबद्दल माझ्या मनात जी धास्ती होती तीही त्याने दूर केली. झटका यंत्रात दाब मोठा पण झटका क्षणाचा असतो, जनावर बिचकून मागे फिरते, मरत नाही. काही लोक खांबावरची वीज सरळ तारेत सोडतात; त्यात हरीण मरते, कधी माणूसही मरतो, आणि तो गुन्हा आहे. ‘तसलं मी करणार नाही,’ तो म्हणाला. मला त्याच्यावर विश्वास आहे.

दादांचे म्हणणे वेगळे आहे आणि तेही निव्वळ दयेचे नाही. त्यांच्या मते तो गहू म्हणजे उंबऱ्यावरचे ताट. जंगल आणि आमची ज्वारी यांच्यामध्ये तो आहे, म्हणून ज्वारी वाचते. हे कितपत खरे, ते पाहायला मी घरातल्या जुन्या कालनिर्णयांची चळत काढली. दादा दिनदर्शिका फेकत नाहीत. ज्या चौकोनात वहिनींचा दुधाचा हिशेब असतो त्यातच दादांनी शिसपेन्सिलीने ‘ह ९’, ‘ह १४’ असे लिहून ठेवले आहे. त्या दिवशी तेवढी हरणे. बारा वर्षांच्या नोंदी. पावसाची चांगली वर्षे पाहिली तर माघापर्यंत चौकोन बहुतेक कोरे. रानात गवत असले की हरणे गव्हाकडे ढुंकत नाहीत. पाऊस दगा देतो त्या वर्षी मार्गशीर्षापासूनच आकडे भरतात. म्हणजे तो गहू हरणांना ओढून आणतो असे नाही, गवताची ददात त्यांना आणते. आणि आपण त्या गवताला गवत म्हणत नाही, ‘पडीक’ म्हणतो. कुणी त्यात झाडे लावतो, कुणी नांगर घालतो. रेहेकुरीचे अभयारण्य १९८० साली झाले, ते आहे अवघे २.१७ चौरस किलोमीटरांचे. एवढ्याशा जागेत वाढलेले कळप बाहेर पडणारच. पण ज्या वर्षी आकडे मोठे, त्या वर्षी शेजाऱ्याचा हरभराही जास्त गेला, हे पुतण्याचे म्हणणे त्याच चौकोनांतून निघते. एकाच कागदातून दोघांचे पुरावे.

पुतण्याच्या पिढीला ‘अभयारण्य’ या शब्दाचीच अढी का बसली, तेही मला समजते. १९७९ साली माळढोकसाठी जे अभयारण्य जाहीर झाले ते कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरांचे होते. सोलापूरच्या नान्नजपासून आमच्या कर्जत-श्रीगोंद्यापर्यंत सगळी गावे, शेते, घरे त्यात. लोकांना जमिनीचे व्यवहार करताना अडचणी आल्या आणि पक्ष्याबद्दल राग साचला. पुढे ते क्षेत्र कमी करून बाराशे चौरस किलोमीटरांवर आणले. तोवर माळढोक संपत आला होता. आता महाराष्ट्रात एखादा दिसला तर बातमी होते. ज्या नान्नजच्या माळावर दुष्काळी कार्यक्रमातून राखलेल्या गवती तुकड्यांनी त्या पक्ष्याला आसरा दिला होता, तिथे थोडे, नेमके आणि लोकांना विचारून काही केले असते तर कदाचित वेगळे झाले असते. हजारो चौरस किलोमीटर कागदावर लिहिण्यापेक्षा तीस गुंठे मातीत पेरणे मला जास्त भरवशाचे वाटते, हे माझे मत; तज्ज्ञ याला हसतील. ते असेही सांगतील की रानातल्या प्राण्याला पेरून घालण्याने त्याची सवय बिघडते, कळप एका जागी दाटतात, रोगराई पसरते. ते खरेही आहे. पण दुष्काळात त्याला वाळके गवतही न मिळण्याने काय बिघडते, तेही त्याच तराजूत घालावे.

तुकोबांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. राखणीला बसवले आणि ते पाखरांना हाकलेनात. मालकाने पंचांपुढे ओढले, आणि मोजायला गेले तर रास पहिल्याहून मोठी निघाली. कीर्तनकार इथे थांबतो, टाळ वाजतात. दादांच्या रानात अशी रास कधी निघाली नाही. पंचवीस किलो बी जाते, पाभरीची मजुरी जाते, आणि फाल्गुनाअखेर हाती येते ती दोन भारे काडी. चमत्कार नसेल तर काय करायचे, हे कथेत नाही.

मेमध्ये पुन्हा गेलो. दादांच्या गुडघ्याने आता बांध ओलांडवत नाही. रात्री जेवणे झाल्यावर अंगणात मी माझे म्हणणे मांडले: वाटणी करू. ओढ्याकाठचे तीस गुंठे तेवढे माझ्या नावावर, बाकीची सगळी जमीन दादांच्या आणि त्यांच्या पाठीमागे पोराच्या नावावर. त्यावर त्याने कर्ज काढावे, डाळिंब लावावे, कुंपण घालावे. कुंपण माझ्या तुकड्याच्या आतल्या बाजूने जाईल, तुकडा बाहेर राहील. बी-मजुरी माझी.

पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘तात्या, सगळी जमीन देऊन टाकता, आणि ठेवता ते हरणांचं?’ माझ्या हिश्शाला कायद्याने चार एकर येतात. सिल्वासातल्या माझ्या घरी यावरून दोन दिवस अबोला होता, तोही रास्तच होता. मुलगा म्हणाला, बाबा, निदान आईला विचारायचंत. तिला मी विचारले होते. तिचे उत्तर मला पुरेसे ऐकू आले नव्हते, असे ती म्हणते. अखेरीस एक एकर आमच्याकडे आणखी राहिले, ते कसायला पुतण्याकडेच. कागद झाले.

दादा काहीच बोलले नाहीत. वहिनी म्हणाल्या, ‘कुंपण झाल्यावर ती जातील कुठं? पलीकडंच ना?’

तेच झाले आहे. ऑगस्टात तारा ओढल्या. सप्टेंबरात शेजारी, ज्यांच्या हरभऱ्याची गोष्ट वर आली ते, दादांकडे येऊन बसले. आमच्यापेक्षा त्यांची जमीन कमी, चारच एकर, पोरगा पुण्याला कंपनीत कंत्राटावर. भांडायला आले नव्हते. चहा घेतला आणि म्हणाले, ‘तुमचं कुंपण झालं, हरणांचं ताटबी झालं. आमचं तेवढं राह्यलं.’ दादांनी मला फोन लावून तो त्यांच्या हातात दिला. त्यांचे म्हणणे असे, की गव्हाचा पट्टा त्यांच्या बांधापर्यंत लांबवावा आणि ओढ्याच्या बाजूने त्यांच्या हरभऱ्याला निदान तीन पदरी तार ओढून द्यावी. तारेचा खर्च निम्मा-निम्मा की सगळा माझा, हे त्यांनी बोलायचे ठेवले. मी सगळ्याला तयार आहे, पण तसे आधीच सांगितले तर दादांच्या मते ते त्यांना कमीपणाचे होईल. मागू द्यावे, मग द्यावे.

घटस्थापनेला वहिनींनी यंदाच्या पेरणीच्या पोत्यातलेच मूठभर बन्सी गहू घटाच्या मातीत घातले. आमच्याकडे घट म्हणजे देवीचा मांड आणि बियाण्याची परीक्षा दोन्ही. पाचव्या माळेला दादांचा फोन आला: धान चांगले उगवले आहे, दाट आहे, पोपटी आहे. स्वाती निघाली की पाभर धरतील, औताला पुतण्याच राहील. शेजाऱ्यांनी तारेचा हिशेब अजून सांगितलेला नाही.